गर्भपिशवीच्या कळा आणि कॅल्शियम

प्रश्न : पाळीच्या पहिल्या दिवशी पोट धरून बसते. मैत्रीण म्हणते, अगदी असह्य झालं तरच गोळी घे. (वय २१)

मैत्रिणीचं हे ऐकू नका. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि गर्भपिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. ही संप्रेरकांसारखीच, पण दूर न जाता जिथं बनतात तिथंच काम करून संपणारी. (आधी वीर्यात सापडली म्हणून नाव पडलं प्रोस्टेट ग्रंथीवरून. बायकांच्या कळांना पुरुषांच्या ग्रंथीचं नाव!) त्यांच्या इशाऱ्यानं स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पुढं मायोसिन-अ‍ॅक्टिन या स्नायू आवळणाऱ्या प्रथिनांची ओढाओढ सुरू होते. पिशवी आवळली की तिच्यातल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, म्हणून कळ. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन्स बनणंच रोखतात. आधी बनलेल्यांचं काही करत नाहीत. तेव्हा दुखू लागताच, काहीतरी खाऊन गोळी घ्या. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दर महिन्याला दुखणं वाढतच असेल तर तपासून घ्या.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतात, कॅल्शियमच्या गोळ्यांनी कळा लवकर येतील.

कॅल्शियमशिवाय स्नायू आवळत नाही, एवढं खरं. पण पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर ते एरवीही सुमारे १०,००० पट असतं. अडतं ते पेशीच्या दाराशी, साठ्याशी नाही. आणि दार गोळीनं उघडत नाही. रक्तातलं प्रमाणही शरीर फारसं हलू देत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज निर्धास्त घ्या, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

प्रश्न : बहिणीला ३१व्या आठवड्यात कळा आल्या. बीपी नॉर्मल असूनही बीपीची गोळी का दिली?

बहुधा निफेडिपिन असेल. ती पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवते. त्यानं कळा दोन दिवस थोपल्या, तरी बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या स्टिरॉइड इंजेक्शनांना काम करायला वेळ मिळतो.

प्रश्न : दुसरं बाळंतपण. बाळाला अंगावर घेतलं की पोटात कळ येते.

बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. तेच दूध उतरवतं आणि पिशवीही आवळतं. दुसऱ्या खेपेला हे जास्त जाणवतं, काही दिवसांत थांबतं. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल किंवा स्रावाला घाण वास येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.