बूथचं नाव की रॉसचे लाख डॉलर?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मलेली, २७ वर्षांची. चार वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि पुढेही ऑपरेशन्समध्येच, म्हणजे उत्पादन-पुरवठ्याच्या कामातच, राहायचं म्हणते. एमबीएसाठी शिकागोच्या बूथमध्ये प्रवेश मिळालाय, पण स्कॉलरशिप नाही. मिशिगनचं रॉस वर्षाला ५० हजार डॉलर देतंय. तिचे बाबा म्हणतात, बूथ ते बूथ, कर्जावर मी सही करतो. तिचा ओढा रॉसकडे. घरात रोज यावरूनच जेवणं गार होतात.

उत्तर: बाबांचं अगदीच चुकतंय असं नाही. बूथ ‘एम सेव्हन’ म्हणजे अमेरिकेतल्या सात नामांकित बिझनेस स्कूलांमधलं, रॉस त्यात नाही. मुलीला वॉल स्ट्रीटवर जायचं असतं किंवा काय करायचं हेच अजून ठरलं नसतं, तर मीही बूथच म्हटलं असतं. ज्याचं ठरलेलं नाही, त्याला मोठ्या नावाचा उपयोग जास्त होतो. तुमच्या लेकीचं ठरलंय.

आता त्या सहीबद्दल. राहण्याखाण्यासकट बूथची दोन वर्षं अडीच लाख डॉलरच्या घरात जातात. पूर्वी ‘ग्रॅड प्लस’ या सरकारी कर्जयोजनेतून जवळजवळ सगळा खर्च भागायचा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ते बंद. एमबीएला सरकारी कर्ज वर्षाला फक्त २०,५०० डॉलर. म्हणजे तिची बचत वजा जाता उरलेलं सगळं खासगी बँकेकडून, आणि तिथे बाबा को-सायनर, म्हणजे तिने नाही फेडलं तर फेडायचं बाबांनी. ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलेल्या दर लाखाचा हप्ता महिन्याला सुमारे १,२६७ डॉलर पडतो. रॉस देतंय ते बरोबर एक लाखच आहेत. हप्त्याचा हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मुलीच्या पस्तिशीत आणि बाबांच्या निवृत्तीत तो कसा दिसेल, हे घरात एकदा मोठ्याने बोला.

गावाचं म्हणाल, तर नेवार्कहून विमान दोन्हीकडे थेट जातं, तेव्हा घरापासूनचं अंतर सोडून द्या. नोकरी देणारे किती जवळ आहेत ते बघा. अॅन आर्बरहून डेट्रॉइट तासाभराच्या आत. गाड्यांच्या कंपन्या तिथेच. शिवाय रॉसमध्ये पहिल्याच वर्षी ‘मॅप’ असतो: सात आठवडे खऱ्या कंपनीचं खरं काम. ऑपरेशन्सवालीला आणखी काय हवं? तरी दोन्हीकडचे एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडायला सांगा. पगाराची सरासरी नंतर बघा, आधी ऑपरेशन्समध्ये किती जण गेले आणि कोणी घेतलं ते बघा.

(मंडळाच्या गणपतीत ‘कुठे शिकते?’ हा प्रश्न एकाच वर्षी येतो. पुढच्या वर्षीपासून ‘लग्नाचं काय?’)

माझं मत रॉसच्या बाजूने आहे. पण बूथला नकार कळवण्याआधी एक मेल जाऊ दे: रॉसने इतके देऊ केलेत, तुमच्याकडून काही होईल का? मेल तिने लिहायची, बाबांनी नाही. नाही म्हणाले तरी प्रवेश काढून घेत नाहीत. मात्र जागा पक्की करायच्या डिपॉझिटची तारीख उलटू देऊ नका, आणि रॉसच्या पत्रात दुसऱ्या वर्षीचे ५० हजार कोणत्या अटीवर मिळणार, ते नीट वाचा.

थोडंफार खासगी कर्ज रॉसलाही लागेलच. सही करण्याआधी बाबांनी बँकेला विचारावं: मुलीने किती हप्ते वेळेवर भरले की माझं नाव निघेल? काही बँका काढतात, काही शेवटपर्यंत काढत नाहीत.