अमेरिकेच्या २००९ च्या शस्त्रखरेदी सुधारणा कायद्याने नेमकं काय बदललं? तरीही सेंटिनेल या नव्या अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचा खर्च एवढा कसा फुगला?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे 'माइलस्टोन बी'.

अमेरिकेत शस्त्रांचा मोठा प्रकल्प तीन मंजुऱ्यांतून जातो. 'ए' मिळाली की तंत्रज्ञान घडवायचं, 'बी' मिळाली की पूर्ण अभियांत्रिकी विकास करायचा आणि 'सी' मिळाली की उत्पादन. बी ओलांडली की मोठी कंत्राटं निघतात, उपकंत्राटं अनेक राज्यांत पसरतात आणि तिथले खासदार प्रकल्पाच्या पाठीशी उभे राहतात. पुढे तो थांबवणं महाकठीण. त्यामुळे चूक पकडायची ती बीच्या आधीच.

मार्च २००९ मध्ये जीएओ या संसदेच्या तपासणी संस्थेने ९६ मोठे प्रकल्प तपासले. एकूण खर्चवाढ २९,६०० कोटी डॉलर आणि सरासरी उशीर २२ महिने निघाला. कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन या दोन पक्षांच्या सिनेटरांनी मांडलेला कायदा दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला आणि २२ मे २००९ रोजी ओबामांनी त्यावर सही केली.

माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची तरतूद 'केप' या खर्च-मूल्यमापन कार्यालयाची. याच्या संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मान्यता देते. प्रकल्प चालवणाऱ्यांना मंजुरी हवी असते, म्हणून त्यांचे अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतात. त्यांच्यापासून स्वतंत्र असलेला आकडा टेबलावर ठेवणं हे केपचं काम. शिवाय बीच्या आधी प्राथमिक आराखड्याचा आढावा सक्तीचा झाला. कळीचं तंत्रज्ञान तयारीच्या ९ पायऱ्यांपैकी किमान ६ व्या पायरीवर, म्हणजे प्रत्यक्षाशी मिळत्याजुळत्या वातावरणात चालवून दाखवलेलं हवं, ही अट जुनीच होती. नव्या कायद्याने तिची स्वतंत्र पडताळणी लावली. विकासकाळातल्या चाचण्या आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंगसाठीही वेगळे संचालक आले.

स्पर्धक कंपन्यांकडून नमुने बनवून घेण्याची तरतूदही होती, पण सवलतीची वाट ठेवून. नमुन्यांचा खर्च फायद्यापेक्षा जास्त असल्याचं दाखवलं की सूट मिळे. २०१६ च्या संरक्षण कायद्याने ही सक्तीच काढली, याचं मला वाईट वाटतं. जेएलटीव्ही या लष्करी गाडीसाठी आधी तीन गटांकडून नमुने बनवून घेतले, त्यातून न झेपणाऱ्या मागण्या वेळीच उघड झाल्या आणि अटी सैल करता आल्या.

आता नन-मॅकर्डी, म्हणजे खर्च ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लागू होणारा नियम. तो १९८२ पासूनचा, पण २००९ मध्ये त्याला दात आले. यात दर नगाचा खर्च मोजतात: विकास, खरेदी आणि बांधकाम यांची बेरीज भागिले नग. महागाई वगळून, स्थिर किमतीतच. सध्याच्या आधाररेषेपेक्षा (म्हणजे मंजूर झालेल्या खर्चाच्या अंदाजापेक्षा) १५ टक्के किंवा मूळ आधाररेषेपेक्षा ३० टक्के वाढ झाली तर संसदेला कळवायचं. २५ किंवा ५० टक्के झाली तर उल्लंघन गंभीर. पूर्वी अशा वेळी संरक्षणमंत्री प्रमाणपत्र देत आणि गाडी पुढे चाले. आता प्रकल्प रद्द करायचा हेच गृहीत धरतात. तो वाचवायचा तर पाच गोष्टी लेखी प्रमाणित कराव्या लागतात: देशाच्या सुरक्षेला तो अत्यावश्यक आहे, कमी खर्चाचा पर्याय नाही, नवा अंदाज केपला रास्त वाटतो, ज्या प्रकल्पांचा पैसा कापणार त्यांच्यापेक्षा हा महत्त्वाचा आहे आणि व्यवस्थापन खर्च आवरू शकतं. वर आधीची माइलस्टोन मंजुरी रद्द होते, ती नव्याने घ्यावी लागते.

या सूत्रात एक खाच आहे. नग कमी केले की भागाकार फुगतो. झुमवॉल्ट वर्गाच्या विनाशिका १० वरून ३ वर आणल्या आणि २०१० मध्ये गंभीर उल्लंघन नोंदलं गेलं, कारण विकासाचा सगळा खर्च तीनच जहाजांवर पडला. उल्लंघनाची बातमी वाचाल तेव्हा आधी नग बदलले का ते पाहा.

सेंटिनेलचं तसं नव्हतं. त्याला सप्टेंबर २०२० मध्ये बी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने किमान ३७ टक्के वाढ कळवली आणि जुलैमध्ये आढावा संपला तेव्हा ती ८१ टक्के निघाली, एकूण सुमारे १४,०९० कोटी डॉलर. वाढीचा मोठा वाटा क्षेपणास्त्राचा नव्हताच, तो जमिनीवरच्या कामाचा होता: प्रक्षेपण विवरं, नियंत्रण केंद्रं, संपर्काच्या केबल. या जमिनीखालच्या बांधकामाची पुरेशी माहिती हाती नसतानाच बी दिली गेली होती. पाचही मुद्दे प्रमाणित झाले, प्रकल्प वाचला, बी मात्र रद्द झाली. म्हणजे कायद्याने चूक उघडी पाडली, पण चार वर्षं उशिरा. ती अडवायला हवी होती २०२० च्या बैठकीत. कायदा तिथे स्वतंत्र आकडा आणि आढावा पुरवतो, 'थांबा' म्हणायचं काम मात्र मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं असतं.

भारतात असा कायदा आहे का? नाही. आपल्याकडची 'डीएपी २०२०' ही संरक्षण मंत्रालयाने काढलेली शस्त्रखरेदीची कार्यपद्धती आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. दर नगाचा खर्च अमुक टक्के वाढला की प्रकल्प आपोआप रद्द धरायचा, असं कलम तीत नाही.