सेमी इंग्रजीची पहिली घटक चाचणी

प्रश्न : माझी मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि गणितात तिला कधी अडचण आली नाही. यंदा जूनमध्ये आठवीला आम्ही तिला सेमी इंग्रजीच्या तुकडीत घातले. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात 20 पैकी 7 गुण मिळाले. ‘मला येत होतं, पण काय विचारलंय तेच कळलं नाही,’ असे म्हणून ती खूप रडली. घरातही आता इंग्रजीच बोलावे, असे तिच्या आजोबांचे मत आहे. तिला पुन्हा मराठी तुकडीत घालावे का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : तुमच्या मुलीने तिची अडचण नेमक्या शब्दांत सांगितली आहे, म्हणून आधी तिच्यावर विश्वास ठेवा. तिचे गणित कच्चे झालेले नाही. ते गणित ज्या वाक्यात मांडले आहे, ते वाक्य तिला अजून उलगडत नाही. मी अनेक वर्षे आठवीला गणित शिकवले आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये अशी रडवेली मुले पाहिली.

एक उदाहरण देते. ‘थ्री लेस दॅन अ नंबर’ हे शब्द आले की मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलेसुद्धा 3 वजा क्ष असे लिहून मोकळी होतात, कारण शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ती चिन्हे मांडतात. हेच ‘एका संख्येपेक्षा तीनने कमी’ असे वाचले, तर संख्या आधी येते आणि क्ष वजा 3 आपोआप लिहिले जाते. तिची उत्तरपत्रिका घेऊन तिच्याजवळ बसा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तिला मराठीत सांगायला लावा. मराठीत सांगितल्यावर जी उदाहरणे तिला सुटतील, त्यांचे गुण केवळ भाषेपायी गेले, हे तिलाही दिसेल, आणि या वयात ते दिसणे फार मोलाचे असते.

यासाठी अप्पा बळवंत चौकातून आठवीचे गणित आणि सामान्य विज्ञान ही मराठी माध्यमाची दोन पुस्तके आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावरही ती विनामूल्य मिळतात. दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांत प्रकरणे आणि सरावसंच त्याच क्रमाने असतात. त्यामुळे उद्या वर्गात जे प्रकरण होणार असेल, ते तिने आदल्या रात्री मराठीत वाचावे आणि वर्गातून आल्यावर इंग्रजीत. वहीत एका बाजूला मराठी आणि समोर इंग्रजी, अशी संज्ञांची जोडी तिने स्वतःच्या हाताने लिहावी. समद्विभुज या शब्दातच त्याचा अर्थ आहे. तो आधी मनात असला की ‘आयसोसिलीस’ नुसते पाठ करावे लागत नाही. काही इंग्रजी शब्द मात्र फसवे असतात. ‘पॉवर’ म्हणजे गणितात घात आणि पुढे नववीच्या विज्ञानात शक्ती. मराठीत हे दोन वेगळे शब्द असल्याने गोंधळ होत नाही, इंग्रजीत संदर्भ पाहावा लागतो.

आजोबांची तळमळ मी समजू शकते, पण घरची भाषा बदलू नका. ती विचार मराठीत करते. तो आधार याच वेळी काढून घेतला, तर शंका विचारायलाही तिच्याजवळ भाषा उरणार नाही. शिवाय सेमी इंग्रजीत इतिहास आणि भूगोल मराठीतच असतात, त्यामुळे मराठी वाचन सैल पडले तर नुकसान तिकडेही होईल. आजोबांना करण्यासारखे एक उत्तम काम आहे : रोज संध्याकाळी विज्ञानातला एखादा परिच्छेद तिच्याकडून मराठीत समजावून घ्यावा. जिथे ती अडखळेल, तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि त्या खुणा घेऊन तिने दुसऱ्या दिवशी बाईंना विचारावे.

तुकडी बदलण्याचा निर्णय एका घटक चाचणीवरून घेऊ नका. वर्गशिक्षिकेला आताच भेटून ठेवा, सहामाही परीक्षेपर्यंत वर सांगितलेले नेटाने करा आणि त्यानंतरही मराठीत सांगूनही उदाहरणे सुटत नसतील, तर अडचण भाषेची नसून त्या प्रकरणाची आहे, असे समजून तेवढे प्रकरण पुन्हा शिकवा. उदाहरणे सुटत असूनही ती रोज धास्तावूनच शाळेत जात असेल, तर मात्र नववीच्या आधी तिला मराठी तुकडीत घालायला मुळीच कचरू नका. दहावीनंतर विज्ञान शाखेचा मार्ग तिकडूनही मोकळाच असतो.