कोविडमध्ये नर्स-डॉक्टरांना ताण आला तो संसर्गाच्या भीतीनेच ना, की आणखी काही कारणं होती?

भीती होतीच, पण पहिले पंधरा दिवस. नंतर तिची सवय झाली. ज्याची सवय झाली नाही ते सांगते. मी स्टाफ नर्स, नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात.

आधी पीपीई किट, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा संरक्षक सूट. एकदा चढवलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी असली तरी तेच. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा ४५च्या आसपास आणि संसर्ग पसरू नये म्हणून एसी बंद. ग्लोव्ह्ज काढले की बोटांतून घाम अक्षरशः ओघळायचा. तरीही मी किटला फार दोष देत नाही. माणसं पुरेशी असती तर सहाचे चार तास झाले असते. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी, असं आम्हाला शिकवलं होतं. रात्रपाळीला माझ्याकडे पाच असायचे. एकाचं सक्शन (नळीने कफ ओढून काढणं) करताना दुसऱ्याचा अलार्म वाजतोय, आणि जाता येत नाही. घरी येऊन झोपल्यावरही तोच अलार्म ऐकू यायचा.

त्यात ओपीडी बंद म्हणून पगार कापला. सरकारने ५० लाखांचा विमा जाहीर केला तेव्हा आमची एक सिस्टर म्हणाली, "मेल्यावर पन्नास लाख, जित्तेपणी अर्धा पगार." हसलो सगळ्या. काय करणार बाप्पा!

आणि घर. २२ मार्च २०२०ला आमच्या घरमालकीण काकूंनी गच्चीवर उभं राहून थाळी वाजवली. एप्रिलमध्ये त्याच म्हणाल्या, "घरात लहान लेकरं आहेत, थोडे दिवस हॉस्पिटलातच राहा ना." खालच्या नळावर पाणी भरायचं बंद झालं. एप्रिलमध्येच केंद्राने १८९७च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. मारहाणच नाही, आरोग्य कर्मचाऱ्याचं राहणं-जगणं मुश्कील करणंही त्यात गुन्हा ठरलं. पण तक्रार केली असती तर त्या रात्री झोपायला कुठे गेले असते?

सगळ्यात जड गेलं ते दुसऱ्या लाटेत. बेड नाहीत, रेमडेसिव्हिरचं इंजेक्शन नाही. हे ठरवणारे वर एसी केबिनमध्ये (त्यांचा एसी चालू होता), आणि दारात उभं राहून "नाही" म्हणणारी मी. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल आम्हीच पेशंटच्या कानाशी धरायचो. बाप-लेकीचं शेवटचं बोलणं आपण तिऱ्हाइतानं ऐकायचं, आणि लगेच पुढच्या बेडची शुगर तपासायची. रडायला वेळ ड्युटी चार्टमध्ये नसतो.

एप्रिल २०२१मध्ये एका रात्री काकूंचा फोन आला. "पोरी, ह्यांचं ऑक्सिजन ८४ दाखवतंय. तुझ्याकडे एक बेड बघ ना."

त्या रात्री नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला.