क्रेब्ज चक्र विसरलीस म्हणून जीवशास्त्र सोडू नकोस

प्रश्न : मी अकरावीत आहे. जीवशास्त्र मला लहानपणापासून आवडतं, पुढे जनुकांवर काम करायची इच्छा आहे. पण जैवरसायनाचे धडे सुरू झाले आणि माझा धीरच खचला. क्रेब्ज चक्र तीनदा पाठ केलं, तीनदा विसरले. चाचणीत त्या प्रश्नाला शून्य मिळालं. बाबा म्हणतात, पाठांतर जमत नसेल तर आत्ताच शाखा बदल. काय करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आवडत्या विषयात शून्य मिळालं की किती लागतं, ते कळतं मला. पण तीनदा पाठ करून तीनदा विसरलीस, यावरून मला तुझ्या स्मरणशक्तीविषयी शंका येत नाही. ज्या नावांचा एकमेकांशी संबंधच दिसत नाही, ती कोणाच्याच डोक्यात टिकत नाहीत. एका चाचणीवरून शाखा बदलण्याची घाई करू नकोस.

आधी ते चक्रच घेऊ, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या प्रक्रियेतला एक टप्पा. नावं बाजूला ठेव आणि फक्त कार्बनचे अणू मोज. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन. त्याचे दोन तुकडे होतात, प्रत्येकी ३ कार्बनचे, हे पायरुवेट. ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर) शिरलं की एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, उरतात २. हे २ कार्बन तिथे आधीच असलेल्या ४ कार्बनच्या रेणूला जोडले जातात आणि ६ कार्बनचं सायट्रेट तयार होतं. मग एक कार्बन जातो, ५ उरतात. आणखी एक जातो, ४ उरतात. काही पायऱ्यांनंतर सुरुवातीचा ४ कार्बनचा रेणू परत मिळतो, म्हणून हे चक्र. आत्ता तुझ्या नाकातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, त्यातला कार्बन तू खाल्लेल्या अन्नातून आलाय. एवढं कळलं की नावं अडकवायला खुंट्या मिळतात.

हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली हे चक्र मांडलं, ते कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून. कबुतरच का? उडण्यासाठी तो स्नायू अखंड राबतो, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे ही प्रक्रिया तिथे जोरात चालते. बघ, पक्ष्याचं उडणं आणि तुला छळणारं ते चक्र एकाच स्नायूत आहे!

आता जनुकांकडे येऊ, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. जैवरसायन टाळून जनुकांवर काम करता येईल असा तुझा समज असेल, तर तो आजच सोड. सिकलसेल या आजाराचं उदाहरण घे. या रुग्णांचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. नेमका फरक व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५७ साली शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे दुवे, असतात. त्यातलं सहावं ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथे व्हॅलिन आलेलं असतं. बस, एवढाच बदल. पण ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, पाण्याशी त्याचं जमतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, ते पाण्यापासून दूर राहू बघतं. त्यामुळे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. जनुकात बदललेलं एक अक्षर आणि रुग्णाची कळ, यांच्यामधला सगळा रस्ता रसायनाचा आहे. तो रस्ता कळला तर औषध कुठे काम करू शकेल याचा विचार करता येतो.

म्हणून अभ्यासाची पद्धत बदल. २० अमिनो आम्लांची यादी घोकण्याआधी त्यांचे गट पाड : कोणती पाण्यात रमतात, कोणती पाणी टाळतात, कोणावर भार आहे. विकरांचं (एन्झाइम, पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) नाव वाचलं की ते कशावर काम करतं आणि काय घडवतं हे त्या नावातच शोध, बहुतेकदा सापडतं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढ, अडलीस तिथेच उघडून बघ. सामू (pH), रासायनिक बंध आणि ऑक्सिडीकरण-क्षपण, या तीन गोष्टी रसायनशास्त्राच्या पुस्तकातून पुन्हा पक्क्या कर. माझ्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच मुलांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

बाबांना सांग, दोन महिने द्या. त्यानंतरही कंटाळाच येत असेल, तर ते प्रामाणिकपणे मान्य कर. परिसरशास्त्र, प्राण्यांचं वर्तन, वनस्पतींचं वर्गीकरण यांत जैवरसायनाचा भार बराच कमी असतो, आणि ती कामं कोणत्याही अर्थाने दुय्यम नाहीत. वैद्यकीय, औषधनिर्माण, पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांत मात्र सुटका नाही. वैद्यकीय शिक्षणात तर शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीने जैवरसायन सुरुवातीलाच शिकावं लागतं. जमलं तर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणाला तरी भेट आणि त्यांचा रोजचा दिवस कसा जातो ते विचार.

तोवर एक काम देतो. तू श्वासातून घेतलेला ऑक्सिजन त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जात नाही. मग तो शेवटी कुठे जातो आणि तिथे नसता तर पेशीचं काय अडलं असतं? क्रेब्ज चक्राच्या पुढचं पान उघड, शोध, आणि स्वतःच्या शब्दांत मला लिहून पाठव.