खरेदीचा भाव बाजूला ठेव

सांगली, २६ मार्च २०२०

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सारखं एकच म्हणत होतास, "काका, मार्केट वर आलं की तोट्यातला शेअर विकून निघतो." त्यावर सविस्तर लिहितोय. कागदाचा फोटो पाठवतो, अक्षर लावून घे.

सोमवारी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला. सकाळीच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा, लागून ४५ मिनिटं व्यवहार थांबले. जानेवारीत ४२ हजारांवर होता, तो २६ हजारांच्या खाली गेला. झोप उडणारच. पण मार्केट वर येणं वेगळं आणि तुझा शेअर वर येणं वेगळं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये आठ हजारांवर आला आणि २०१० च्या दिवाळीत परत २१ हजारांवर गेला. त्याच जानेवारी २००८ मध्ये युनिटेक या बांधकाम कंपनीचा शेअर पाचशेच्या वर होता. आज एक-दोन रुपयांत घुटमळतोय. निर्देशांकातून पडेल कंपन्या काढून नव्या घेतात. तुझ्या डिमॅटमधून, म्हणजे शेअरच्या खात्यातून, तुझ्याशिवाय कोण काढणार?

आता तुझा हिशेब. हजार शेअर २०० ला, हजार १५० ला, हजार १०० ला. ॲव्हरेज १५०, आजचा भाव ४५. नुसतं मुद्दलात यायचं तरी तिपटीहून जास्त वाढायला हवा. तिसरी खरेदी ॲव्हरेज करायला, म्हणजे सरासरी भाव खाली आणायला केली म्हणतोस. मला ती चिडून केलेली वाटते.

१५० हा आकडा तुझ्या डोक्यात आहे, बाजाराला त्याचं सोयरसुतक नाही. स्वतःला एवढंच विचार: आज हातात १ लाख ३५ हजार रोख असते, तर हाच शेअर घेतला असता का?

हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवून भावाची वाट बघणारे शेतकरी तू लहानपणापासून बघितलेत. त्यांचं थांबणं शहाणपणाचं, कारण आत माल शाबूत असतो. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा थांबून काय भाव येणार होता? तुझ्या कंपनीत पाणी शिरलंय का, ते बघ. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, साइटवर शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर, त्याचा तक्ता) मिळतो, त्यात प्रमोटरने, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकाने, किती शेअर तारण ठेवलेत ते दिसतं. मग कर्ज किती, आणि वर्षाचा नफा व्याजाला तरी पुरतो का. कर्ज डोंगराएवढं असेल, तर लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक बंद झालं तरी व्याज काही थांबत नाही. टेलिग्रामवरच्या टिपवाल्याला हे विचारू नकोस. त्याला माहीत असतं, तर तो टिपा कशाला विकत बसला असता?

कंपनी धड निघाली तर ठेव, आणि रोज भाव बघणं बंद कर. पोकळ निघाली तर ३१ मार्चच्या आत मोकळा हो. वर्षाच्या आत घेतलेला शेअर विकून झालेला तोटा शॉर्ट टर्म धरतात. कर काढताना तो यंदाच्या शेअरच्या नफ्यातून वजा होतो. उरला तर पुढची आठ वर्षं ओढता येतो, फक्त आयकराचं रिटर्न मुदतीत भरायला हवं. आणि हो, तोटा भरून काढायला दुसरे चांगले शेअर विकू नकोस. लोक नेमकं तेच करतात.

राहिलं ते पर्सनल लोन. त्याचा हप्ता पगारातून जातोय आणि वडिलांना पत्ता नाही. लॉकडाऊनमध्ये पगार कापला गेला तर काय? शेअर ठेव नाहीतर विक, पण हे त्यांना याच आठवड्यात सांग. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. हप्ता चुकल्यावर बँकेचा माणूस दारात येण्यापेक्षा ते परवडलं.

उद्या चारनंतर फोन कर. मार्केट बंद झालेलं असतं, तेव्हा तुझं लक्ष असतं. कंपनीचे डिसेंबर तिमाहीचे आकडे समोर उघडून ठेव.

तुझा,
काका