विकल आणि सगळे

फोंड्याजवळच्या एका ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी विचारलं आहे: दारापाशी नवा उतार बांधलाय, त्याच्या फलकावर 'अपंगांसाठी' लिहावं, 'विकलांगांसाठी' की 'दिव्यांगांसाठी'?

'दिव्यांग' कुठून आला हे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तो सुचवला, अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६च्या कायद्याच्या हिंदी नावात तो बसला आणि तिथून आपल्या सरकारी मराठीत आला. ज्यांच्यासाठी तो काढला त्यांच्यापैकीच अनेकांनी तेव्हा हरकत घेतली होती. माझा राग त्याच्या जोडीला लावतात त्या शब्दावर आहे. पणजी असो की साखळी, ध्वनिक्षेपकावरून हमखास ऐकू येतं, 'दिव्यांगत्वाने ग्रस्त बांधव'. अहो, ग्रस्त म्हणजे गिळलेला! ग्रहणातला चंद्र ग्रस्त. अंगाला दिव्य म्हणायचं आणि त्याच वाक्यात ते गिळलं गेलंय म्हणायचं, हे कसलं मराठी?

'अपंग'वर शुद्धिवाद्यांचा आक्षेप असतो की 'अ' नकारार्थी, म्हणजे अपंग तो पंगू नसलेला. हा आक्षेप टिकत नाही. मराठीत अघोर म्हणजे घोरच आणि अचपळ म्हणजे चपळच. शिवाय मला तो 'अ' वेगळा काढायचाच नाही. संस्कृतात 'अपाङ्ग' आहे, अंग नसलेला. त्याचाच आकार ऱ्हस्व होऊन आपला अपंग झाला असं माझं मत आहे. (त्याच अपांगाचा दुसरा अर्थ डोळ्याचा कोपरा.) कोशकारांना हे पटत नसेल तर त्यांनी पंगूला हा 'अ' कुठून चिकटला ते सांगावं.

पण खरा शब्द 'विकलांग'मधला विकल. त्याचा संबंध व्याकूळशी लावणारे विद्वान भेटतात. 'मन विकल झालं' एवढंच त्यांच्या कानावर असतं. तो अर्थ नंतरचा. विकल म्हणजे वि + कला, आणि ही कला म्हणजे अंश, चंद्राच्या सोळा कलांतली एक असते तशी. कला कमी तो विकल, सगळ्या कलांसह तो सकल. अष्टमीचा चंद्र विकल असतो, पण त्याला कुणी बिचारा म्हणत नाही आणि दिव्यही म्हणत नाही. आता सकलचं पुढे काय झालं पाहा. प्रकटचं प्रगट होतं तसा 'क'चा 'ग' झाला, 'ल'चा 'ळ' झाला आणि आपला 'सगळा' तयार झाला. कोंकणीतही तोच. बाजारात, देवळात, बसमध्ये दिवसातून शंभर वेळा आपण 'सगळे' म्हणतो. त्यातली कला विकलमधलीच. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

आणि २०१६चा कायदा वाचा. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले ते सर्वांना माहीत असतं, व्याख्या कुणी वाचत नाही. शरीराची, मनाची, बुद्धीची वा इंद्रियांची दीर्घकाळची उणीव, आणि अडथळ्यांशी गाठ पडून चारचौघांच्या बरोबरीने वावरता न येणं, असं दोन्ही मिळून ती व्याख्या होते. म्हणजे अर्धी गोष्ट माणसाच्या अंगात नाहीच, ती पायरीत आहे.

गेल्या वर्षी अशाच एका उताराच्या उद्घाटनाला गेलो होतो, गाव सांगत नाही. नारळ फुटला, फीत कापली. चाकाच्या खुर्चीवरून आलेली एक तरुण शिक्षिका उतार चढू लागली तर खुर्ची मागे घसरायला लागली. दोघे धावले आणि तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मला म्हणाली, "काका, उचलायला पायऱ्या होत्याच की." मी टेप लावून पाहिली. जोत्याची उंची दीड फूट, उताराची लांबी सहा फूट. प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे अठरा फूट हवेत. बाजूला कठडा हवा, वर वळायला सपाट जागा हवी. तिथे उताराच्या तोंडाशी दोन स्कूटर उभ्या होत्या.

तेव्हा कार्यवाह महोदय, 'दिव्यांग' नको. 'अपंग' मी चालवून घेईन, माझा शब्द मात्र 'विकलांग'. तुमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरून येणारे जे वाचक असतील त्यांना आधी विचारा, त्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. आणि तुमच्या जोत्याची उंची किती, उतार किती लांब, ते पत्रात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा.